मागील वेतन आणि त्यावरील व्याज

कामगाराला बेकायदा काढले असे न्यायालयात ठरले, तर काढल्या दिवसापासून पुन्हा रुजू होईपर्यंतचा जो पगार मालकाने द्यायचा, ते मागील वेतन. महाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याला ‘बॅक वेजेस’ असेच म्हणतात. पुन्हा कामावर घेणे आणि सेवासातत्य या दोन गोष्टी मिळूनही हा पैसा नाकारला गेला, असे घडते.

महाराष्ट्रात दाद मागण्याच्या वाटा मुख्यतः दोन होत्या. एक, १९४७चा औद्योगिक विवाद कायदा, ज्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली. दुसरी, अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा राज्याचा १९७१चा कायदा. या दुसऱ्या कायद्याखाली तक्रारीची मुदत ९० दिवस. गेटवर ‘उद्यापासून येऊ नको’ असे तोंडी ऐकून, साहेबांचा राग निवळेल या आशेवर थांबलेल्याचे हे दिवस बघता बघता सरतात.

काढणे बेकायदा असेल तर पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हिंदुस्तान टिन वर्क्सच्या खटल्यात सांगितले. त्या कामगारांना मात्र ७५ टक्केच मिळाले. पुढे २००० नंतरच्या काही निकालांत हात आखडता झाला. तो सैल केला औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या खटल्याने. दीपाली गुंडू सुरवसे यांना शाळा न्यायाधिकरणाने दिलेले मागील वेतन उच्च न्यायालयाने काढून घेतले होते. १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण परत दिले आणि संस्थेने चार महिन्यांत पैसे न दिल्यास निलंबनाच्या दिवसापासून ९ टक्के व्याज लावले. आपण बेकार होतो, एवढे कामगाराने आधी सांगायचे. तो दुसरीकडे तेवढेच कमावत होता हे मग मालकाने सिद्ध करायचे, ही मांडणी या निकालाने पक्की केली.

पोलादपूरच्या डोंगरगावांत हा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. नोकरी सुटलेला माणूस गावी परततो, वडिलांच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी करतो, आवणीला हात लावतो. ही ‘कमाई’ धरायची का? १९८४च्या राजिंदर कुमार किंद्रा खटल्यात बडतर्फ माणूस सासऱ्याच्या कोळशाच्या वखारीवर मदत करून दिवस काढत होता. न्यायालयाने त्याला नोकरी मानले नाही. असे मानले तर उद्या भीक मागणेही कमाईत धरावे लागेल, असा निकालाचा आशय होता. हा न्याय आवणीलाही लागू पडतो, असे मानायला हवे.

पुराव्याची अडचण वेगळी. २२ जुलै २०२१च्या पुरात महाडच्या घराघरांत चिखल शिरला. ट्रंकेतले हजेरी कार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या लगद्यासारख्या झाल्या, तरी पीएफच्या नोंदी उरतात: कोणत्या महिन्यात, कोणत्या मालकाकडून, किती रक्कम भरली गेली, हे त्यातून दिसते. कंत्राटदाराच्या नावावर राबणाऱ्याला त्यांचाच मोठा आधार.

व्याज ही यातली सर्वांत दुबळी बाजू. ग्रॅच्युइटी थकली तर १० टक्के, अपघाताची भरपाई थकली तर १२ टक्के असे दर ठरलेले होते. मागील वेतनावर मात्र १९४७च्या कायद्यात ठरावीक व्याज नव्हते, सारे न्यायाधीशांच्या मर्जीवर. अमेरिकेत राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने १९६२ पासून मागील वेतनावर व्याज लावायला सुरुवात केली, आणि २०१० पासून ते दररोज चक्रवाढीने मोजले जाते. मधल्या काळातली दुसरी कमाई तिथेही वजा होते, पण दर तीन महिन्यांचा हिशेब स्वतंत्र ठेवून. एका तिमाहीतली जास्त कमाई दुसऱ्या तिमाहीच्या तुटीत वळवता येत नाही.

फरक किती पडतो ते पाहा. महिना १२,००० रुपयांचा कामगार पाच वर्षे बाहेर राहिला तर मागील वेतन ७,२०,००० रुपये. प्रत्येक महिन्याचा पगार जसा थकला तसे ९ टक्क्यांनी सरळव्याज धरले तर आणखी १,५९,३०० रुपये, म्हणजे तेरा महिन्यांहून अधिक पगार. निकालात व्याजाचा शब्द नसेल तर हा पैसा मालकाकडेच राहतो. म्हणून ‘थकलेल्या प्रत्येक महिन्यापासून व्याज मिळावे’ ही ओळ पहिल्या तक्रारअर्जाच्या मागणीतच वकिलाकडून लिहून घ्यावी.