वटवाघूळ आणि सोयाबीनचा जिवाणू : शेतीच्या कामाचे दोन जीव

गावच्या वडावर उलटं लटकणारं मोठं वटवाघूळ सगळ्यांना दिसतं. सोयाबीनच्या मुळावर राहणारा जिवाणू कुणालाच दिसत नाही. दोघंही शेतीच्या कामाचे आहेत, पण दोघांची गोष्ट वेगळी आहे.

आकार : मोठ्या वटवाघळाचं शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस. पंख पसरले की ४ ते ५ फूट भरतात. जिवाणूचं नाव ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम. लांबी साधारण २ मायक्रॉन, म्हणजे १ मिलिमीटरमध्ये पाचेकशे रांगेनं बसतील.

काम : वटवाघूळ फळं आणि फुलातला रस खातं. रात्रीत लांबवर उडत परागीकरण करतं, वड-पिंपळासारख्या झाडांचं बी पसरवतं. जिवाणू मुळावर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देतो, बदल्यात पिकाकडून साखर घेतो. गाठ फोडल्यावर आत गुलाबी-लालसर दिसली, तर काम चालू आहे असं समजावं.

वाढ : जिवाणू काही तासांत एकाचे दोन होतात. वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिलू देते आणि त्याला दूध पाजते. तो पक्षी नव्हे.

धोका : वटवाघळाच्या अंगात निपाह विषाणू असू शकतो. केरळात २०१८ मध्ये या रोगानं बळी घेतले. म्हणून कुरतडलेली फळं खाऊ नयेत, वाघळांना हात लावू नये. सोयाबीनच्या जिवाणूपासून माणसाला रोग होत नाही.

काय करावं : पेरणीआधी बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक लावावं. औषधात एकत्र कालवलं तर जिवाणू मरतात. बी सावलीत सुकवून लगेच पेरावं. पाकीट उन्हात ठेवू नये, मुदत बघूनच घ्यावं.

वाघळं बागेत येत असतील तर झाडावर जाळी टाकावी, घडाला पिशवी बांधावी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. त्यामुळं मारण्याची जुनी मोकळीक आता राहिलेली नाही.

जिवाणू कमी पडला तर दुकानात पाकीट मिळतं. जुना वड तोडला आणि वाघळं गेली, तर ती विकत आणता येत नाहीत.