गाणारे कवी आणि झेंडूची फुले

मंडळी, आपल्या पालघरकडे भाताची कापणी उरकली की तारपा घुमू लागतो. दुधी भोपळा, बांबू नि ताडाचे पान यांचे ते वाद्य. वाजविणारा वळेल तिकडे नाचणाऱ्यांची सारी रांग वळते. अशीच मोहिनी पुण्यात एकदा कवींनी घातली होती!

१९२३ साली तेथे रविकिरण मंडळ निघाले. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही त्यांतली ठळक नावे. यशवंत आणि गिरीश आपल्या कविता सभांतून गाऊन दाखवीत. ज्याने आयुष्यात काव्यसंग्रह विकत घेतला नाही, तोही ऐकायला येऊन बसे. ही काही लहान गोष्ट नव्हे. पण टाळी आली की मागोमाग थोडी ऐटही येतेच.

ती ऐट पुण्यातल्याच एका शाळामास्तराने टिपली. प्रल्हाद केशव अत्रे त्यांचे नाव. 'केशवकुमार' या नावाने त्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढली. फारसी शब्दांची पेरणी तीच, विरहाचे सुस्कारे तेच. पण 'परिटास' या कवितेत आळवणी कोणाची, तर कपडे घेऊन गेलेल्या परटाची!

यात द्वेष होता काय? मला नाही वाटत. मूळ लकब अंगात मुरल्यावाचून अशी नक्कल साधत नाही. अडचण निराळीच आहे: आज हसविणारी कविता पुष्कळांना ठाऊक, मूळ कवी मात्र विस्मरणात. म्हणून गुरुजी, वर्गात 'परिटास' वाचण्याआधी यशवंतांची 'आई' वाचा. आणि जमल्यास, गाऊनच दाखवा.