स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि मधुमेह : एका वैद्यकीय विचारपरिवर्तनाचा इतिहास

प्रस्तावना :
वजन कमी करण्यासाठी योजलेल्या शस्त्रक्रियांनी मधुमेहाविषयीची वैद्यकाची समजूत कशी बदलली, याचा संक्षिप्त आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रौढ वयात जडणारा टाइप २ मधुमेह हा उत्तरोत्तर बळावणारा व मागे न फिरणारा विकार मानला जात असे. या समजुतीला छेद देणारा पुरावा मात्र शल्यचिकित्सकांच्या हाती फार पूर्वीच आला होता.

प्रारंभीचे प्रयत्न :
१९५४ मध्ये अमेरिकेत क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न पुढे नेणारी शस्त्रक्रिया मांडली. पुढे ती प्रचारात आली. तिने वजन घटले. परंतु अतिसार, मूतखडे, जीवनसत्त्वांची उणीव आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होणे, ही किंमत रुग्णांना मोजावी लागली. अखेर ही पद्धत मागे पडली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया सुरू केली. व्रणामुळे जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुन्हा सहजी वाढत नाही, हे निरीक्षण तिच्या मुळाशी होते.

दुर्लक्षित निरीक्षण :
१९५५ मध्येच फ्रिडमन, सॅन्सेटा व मॅगोव्हर्न यांनी जठराचा भाग काढल्यावर तीन रुग्णांचा मधुमेह सौम्य झाल्याची नोंद केली होती. पुढील काळात यशाचे मोजमाप प्रामुख्याने घटलेल्या वजनावरच होत राहिल्याने तिचा पाठपुरावा झाला नाही, असे म्हणता येईल. १९९५ मध्ये वॉल्टर पोरीज व सहकाऱ्यांनी ६०८ रुग्णांचा चौदा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची रक्तशर्करा पूर्ववत झाली होती. विशेष म्हणजे, वजन पुरेसे घटण्यापूर्वी, काही दिवसांतच, हा बदल दिसू लागे. अन्न लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लवकर पोहोचल्याने इन्शुलिनला चालना देणारे जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक स्रवते, हे त्याचे एक कारण होय. तथापि, दीर्घकालीन लाभाचे मुख्य श्रेय वजनघटीला द्यावे की आतड्यातील बदलांना, याविषयी मतभेद आहेत.

लाभाची मर्यादा :
स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासाने या उत्साहाला संयमाची जोड दिली. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी ७२ टक्के रोगमुक्त होते. दहा वर्षांनंतर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्यांत ते अनुक्रमे २१ व १३ टक्के होते. म्हणजेच लाभ खरा असला, तरी तो सर्वांच्या बाबतीत टिकत नाही.

निष्कर्ष :
२०१६ मध्ये ४५ वैद्यकीय संघटनांनी शस्त्रक्रियेला मधुमेहाच्या उपचारक्रमात अधिकृत स्थान दिले. आशियाई लोकांत तुलनेने कमी वजनातही मधुमेह जडत असल्याने त्यांच्यासाठी देहभार निर्देशांकाच्या मर्यादा २.५ ने कमी ठेवण्यात आल्या. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. नोंद उपलब्ध असूनही प्रश्न योग्य रीतीने विचारला न गेल्यास ज्ञान किती काळ अडून राहते, हे या इतिहासातून दिसते. तसेच, शस्त्रक्रियेनंतरही आयुष्यभर तपासणी व पोषणाची काळजी अटळ आहे, हा धडा पहिल्या पिढीतील रुग्णांच्या यातनांतून मिळाला आहे, याचे विस्मरण होता कामा नये.