नालबंदाच्या भट्टीपासून प्रवेश-अर्जापर्यंत : ब्रिटिश पशुवैद्यकातील पूर्वानुभवाचा इतिहास

ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याकडून शालेय परीक्षेतील उत्तम गुणांबरोबरच जनावरांच्या प्रत्यक्ष सहवासाचीही अपेक्षा केली जाते. अर्ज करण्यापूर्वी त्याने काही आठवडे गाईंच्या गोठ्यात, घोड्यांच्या पागेत, मेंढपाळाकडे किंवा एखाद्या पशुवैद्याच्या दवाखान्यात काम केलेले असावे, असा तेथील प्रघात आहे. वरवर पाहता ही प्रवेशाच्या स्पर्धेतून निघालेली आधुनिक अट वाटते. परंतु तिच्या मुळाशी पुस्तकी विद्या आणि हातची विद्या यांच्यातील दोन शतकांहून जुना ताण आहे. जनावरांचा अनुभव घराण्यातून किंवा उमेदवारीतून आपोआप मिळत होता, तोवर तो कोणी मागितला नाही. तो आटत गेला, तसतसा तो नियम करून मागावा लागला.

पशुवैद्यकीय शाळा निघण्यापूर्वी इंग्लंडमध्ये घोड्यांच्या आजारांवर इलाज करण्याचे काम मुख्यतः नालबंदांकडे असे. 1563च्या कायद्याने कारागिरीच्या धंद्यांसाठी सात वर्षांची उमेदवारी ठरवून दिली होती, म्हणजे कसबी माणसाच्या हाताखाली राबून धंदा शिकण्याची ती मुदत होती. भट्टीचा भाता चालवणे, घोडा धरून ठेवणे, जुने नाल उचकटणे, खूर तासून कानशीने सारखे करणे, अशा क्रमाने उमेदवाराच्या हातात काम येत असे. नालाचा खिळा खुराच्या कठीण भिंतीतून तिरका जाऊन बाहेरच्या बाजूस निघावा लागतो. तो थोडासा जरी आत वळला तरी जिवंत मांसाला लागतो आणि घोडा लंगडू लागतो. त्यामुळे हातोड्याच्या आवाजावरून खिळ्याची दिशा ओळखणे आणि घोड्याच्या अंगावरील किंचित शहाऱ्यावरून वेदनेची जागा हेरणे, हे शिक्षण त्या भट्टीतच होत असे. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. शरीररचनेचे ज्ञान नसल्याने रक्त काढणे, डागणी देणे आणि जालीम रेचक पाजणे हे उपाय सरसकट केले जात, आणि त्यांत अनेक जनावरे हकनाक दगावत.

बुळकांडीसारख्या साथींनी युरोपातील गोधनाचा संहार केला, तेव्हा या परंपरागत ज्ञानाच्या मर्यादा उघड झाल्या. क्लोद बूर्जला यांनी 1762 साली फ्रान्समधील लिआँ येथे जगातील पहिली पशुवैद्यकीय शाळा सुरू केली. इंग्लंडमध्ये ओडिअम येथील कृषिसंस्थेने नालबंदीच्या धंद्याला शास्त्रीय पाया देण्याचा आग्रह धरला, आणि त्यातून 1791 साली लंडन व्हेटरनरी कॉलेज स्थापन होऊन त्याची सूत्रे लिआँ येथे शिकलेले शार्ल व्हियाल द सँबेल यांच्याकडे आली. त्यांनी तीन वर्षांचा अभ्यासक्रम योजला होता. परंतु 1793 साली त्यांचा मृत्यू झाला, आणि पुढील वर्षी एडवर्ड कोलमन हे प्राध्यापक झाले.

कोलमन हे मानवी वैद्यकातले शल्यवैद्य होते आणि 1839पर्यंत, म्हणजे सुमारे 45 वर्षे, ते या पदावर राहिले. नालबंदांच्या मुलांपेक्षा वैद्यकाचे विद्यार्थी या शिक्षणास अधिक लायक आहेत, अशी त्यांची धारणा होती, आणि अभ्यासक्रम त्यांनी काही महिन्यांवर आणून ठेवला. या व्यवस्थेमुळे व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली, सैन्याच्या घोडदळाला पदविकाधारक पशुवैद्य मिळू लागले. पण ज्याने कधी घोड्याचा पाय उचललेला नाही किंवा गाईची धार काढलेली नाही, असा माणूसही अल्पावधीत पदविका घेऊन बाहेर पडू शकत होता. शिकवण्याचा भर जवळजवळ सर्वस्वी घोड्यावर असल्याने गाई, मेंढ्या आणि डुकरे यांच्याबाबत हे पदविकाधारक गवळी-मेंढपाळांपेक्षाही अडाणी ठरत.

या पद्धतीला खरे उत्तर मिळाले ते स्कॉटलंडमधून. एडिंबरो येथील नालबंदाच्या घरी 1793 साली जन्मलेले विल्यम डिक यांनी वडिलांच्या भट्टीत काम केले, लंडनला जाऊन अवघ्या तीन महिन्यांत 1818 साली पदविका मिळवली आणि 1823 साली आपल्या गावी स्वतःची शाळा काढली. भट्टी, दवाखाना आणि व्याख्यान या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवारात आणल्या, त्यामुळे सकाळी ऐकलेल्या रोगाचे जनावर विद्यार्थ्याला त्याच दिवशी हाताळता येई.

लंडनच्या महाविद्यालयानेही 1842 साली जेम्स बिअर्ट सिमंड्स यांना गुरांच्या रोगांचे प्राध्यापक नेमून जुनी उणीव भरून काढण्यास सुरुवात केली. 1844 साली राजसनदेने रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स ही व्यवसायाचे नियमन करणारी संस्था स्थापन झाली. तरीही 1865 साली बुळकांडी ब्रिटनमध्ये शिरली, तेव्हा रोगी व संशयित जनावरे मारण्याखेरीज कोणताही इलाज चालला नाही, आणि गुरांकडे पाठ फिरवलेल्या शिक्षणाची किंमत साऱ्या देशाला कळली.

केवळ अनुभवाच्या बळावर हा व्यवसाय करण्याची वाट मात्र बराच काळ मोकळी होती. 1881च्या कायद्याने पशुवैद्य ही पदवी लावण्याचा अधिकार नोंदणीकृतांपुरता राखला, पण इलाज करण्यास इतरांना बंदी नव्हती. ती 1948च्या कायद्याने आली, आणि आधीपासून काम करणाऱ्या अपदवीधरांसाठी पुरवणी नोंदवही ठेवून ती वाट कायमची बंद झाली. अनुभव श्रेष्ठ असूनही कागद नसेल तर काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अलीन कस्ट. एडिंबरोत शिक्षण पुरे करूनही केवळ स्त्री म्हणून त्यांना नोंदणी नाकारली गेली. त्यांनी रॉसकॉमन परगण्यात एका पशुवैद्याच्या हाताखाली काम पत्करले, शेतकऱ्यांचा विश्वास संपादन केला आणि 1922 साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांची नोंदणी झाली.

विसाव्या शतकात मोटारीने घोडा हटवला, नालबंदाची घराणी विरली आणि पशुवैद्यकाकडे शहरातील मुले वळू लागली. जेम्स हेरियट या नावाने पुढे जगभर वाचले गेलेले आल्फ वाइट हे ग्लासगो शहरात वाढलेले असेच विद्यार्थी होते. अशा विद्यार्थ्यांसाठी सुट्टीत कार्यरत पशुवैद्याबरोबर गावोगाव फिरून काम पाहण्याची रीत रूढ झाली, आणि तिला कालांतराने नियमाचे रूप येऊन शिक्षणकाळात एकूण 38 आठवडे, म्हणजे पशुसंगोपनाचे 12 आणि प्रत्यक्ष उपचारांचे 26, असा दंडक बराच काळ लागू राहिला. प्रवेशापूर्वीचा अनुभव ही याच रीतीची अलीकडे सरकलेली पायरी होय. वसंताच्या सुमारास मेंढ्या विऊ लागतात, तेव्हा रात्रपाळी करणारा उमेदवार आडवे आलेले कोकरू ओळखतो, नवजात कोकराच्या नाकातोंडातील चिकटा पुसतो आणि पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक जाईल हे पाहतो. आपल्याला हे काम खरोखर झेपेल काय, याचा निवाडाही त्याच रात्री होतो.

या अटीत एक अन्यायही दडलेला आहे. ज्याच्या ओळखीत शेतकरी नाही, ज्याच्या घरी मोटार नाही आणि ज्याला सुट्टीत पगाराचे काम करावे लागते, त्याला विनावेतन गोठ्यात राबणे परवडत नाही. 2020च्या साथीत शेते आणि दवाखाने विद्यार्थ्यांना बंद झाले, तेव्हा अनेक महाविद्यालयांना ही अट शिथिल करावी लागली.

मुंबईचा इतिहास येथे एक वेगळा मार्ग दाखवतो. परळ येथे 1886 साली सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्रमुख जे. एच. स्टील हे ब्रिटिश परंपरेतूनच आले होते. परंतु दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या जनावरांच्या रुग्णालयाच्या सान्निध्यात हे महाविद्यालय वसले, त्यामुळे विद्यार्थ्याला लागणारा अनुभव संस्थेच्या दारातच मिळाला. आजही भारतात प्रवेश गुणांवर होतो आणि साडेपाच वर्षांच्या पदवीतील शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कार्यानुभवासाठी राखलेले असते.

मुक्या जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही, ते हाताने आणि नजरेने जाणावे लागते. म्हणून अनुभवाची अपेक्षा रास्तच आहे. कोलमन यांच्या काळाने अनुभवाविना विद्या किती लुळी पडते हे दाखवले, तर जुन्या नालबंदीने विद्येविना अनुभव किती घातक ठरतो हे दाखवले. म्हणूनच हा अनुभव विद्यार्थ्याच्या घरच्या परिस्थितीवर न सोपवता तो मिळवून देण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांनी उचलली पाहिजे.