स्मृतिवाटपातील गुणाकार : एका दुर्लक्षित दोषाचा इतिहास

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळातील बंधारा आहे. पावसाळ्यात पाणी वाढले की ते ‘नर’ व ‘मादी’ या सांडव्यांवरून कोसळते आणि क्षमता ओलांडली गेल्याचे दुरूनही दिसते. संगणकातील गुणाकार क्षमतेबाहेर गेला, तर मात्र अशी कोणतीच खूण उमटत नाही. प्रस्तुत लेखात या दोषाचा व त्यावरील उपायांचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाची स्मृती २०४८ शब्दांची होती. एवढ्या स्मृतीचा हिशेब मनुष्य स्वतः ठेवू शकत असे. १९७० च्या दशकात सी भाषेचा प्रसार झाला. पुढे आज्ञावली चालू असताना ‘मॅलॉक’द्वारे जागा मागण्याची पद्धत रूढ झाली. घटकांची संख्या गुणिले एका घटकाचा आकार, हे त्या मागणीचे सूत्र होय.

दोषाचे स्वरूप :
३२ बिटांच्या संगणकावर ४ बाइटचे १,०७,३७,४१,८२५ घटक मागितल्यास गुणाकार ४,२९,४९,६७,३०० येतो. मोजणीची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ असल्याने वरचा भाग गळून केवळ ४ उरतात. आज्ञावलीला ४ बाइट मिळतात. ती मात्र सर्व घटकांसाठी जागा मिळाली असे समजून शेजारच्या स्मृतीवर लिहीत जाते. घटकांची संख्या बाहेरून येत असेल, तर परक्या व्यक्तीला यंत्राचा ताबा मिळू शकतो. जून २००२ मध्ये ‘ओपनएसएसएच’मध्ये नेमका असाच दोष उघड झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गुणाकार स्वतः करणाऱ्या ‘कॅलॉक’च्या अनेक आवृत्त्याही मर्यादा तपासत नसल्याचे निदर्शनास आले.

उपाययोजना :
उपाय शालेय गणितातला आहे. गुणाकारापूर्वी कमाल मर्यादेला घटकांच्या संख्येने भागावे. भागाकारापेक्षा घटकाचा आकार मोठा असल्यास मागणी नाकारावी. संख्या शून्य असल्यास भागाकार टाळावा. ही तपासणी प्रत्येकाच्या स्मरणावर सोडणे धोक्याचे ठरल्याने ती तयार फलनांत समाविष्ट झाली. ‘ओपनबीएसडी’ने २०१४ मध्ये ‘रिअ‍ॅलॉकअ‍ॅरे’ आणले. लिनक्सच्या गाभ्यात २०१८ मध्ये ‘स्ट्रक्ट साइझ’ ही सोय आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या मानकात तपासणीसह गुणाकाराची तरतूद झाली.

निष्कर्ष :
सदर दोष अज्ञानापेक्षा गृहीतकातून निर्माण झाला. लहान स्मृतीच्या काळातील ‘संख्या मावेलच’ हा समज पुढील पिढ्यांनी तपासला नाही. म्हणूनच महाविद्यालयीन अध्यापनात स्मृतिवाटपाच्या पहिल्याच उदाहरणाबरोबर मर्यादेची तपासणी शिकविणे आवश्यक ठरते.