उड्डाणनियंत्रण भागांची सक्तीची तपासणी

वैमानिकाच्या हातापायांची हालचाल पंखांपर्यंत, शेपटीपर्यंत किंवा हेलिकॉप्टरच्या पात्यांपर्यंत पोचवणाऱ्या दांड्या, तारा, स्क्रू, बेअरिंग, बिजागऱ्या आणि अलीकडच्या विमानांतले संगणक, या सगळ्यांना मिळून उड्डाणनियंत्रण भाग म्हणतात. यांपैकी एखाद्या भागात धोक्याचा दोष आहे असे कळले, की त्या जातीचे प्रत्येक यंत्र ठरलेल्या मुदतीत उघडून पाहण्याचा आदेश निघतो. मुदत टळली तर यंत्र उडवता येत नाही. इंजिन बंद पडले तर विमान तरंगत खाली आणता येते, हेलिकॉप्टरही पाती फिरती ठेवून टेकवता येते. नियंत्रणाची दांडी तुटली तर कुठे उतरायचे हे ठरवणेच वैमानिकाच्या हातात राहत नाही. म्हणून हे आदेश सर्वांत कडक.

रायगड जिल्ह्यातल्या पेण किंवा रोह्याला विमानतळ नाही. या दोन्ही तालुक्यांचा विषयाशी संबंध येतो तो पाण्यावरून. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. पेण तालुक्यात डोलवीजवळ धरमतरची खाडी आहे आणि तिच्यातून मालाच्या बार्ज ये-जा करतात. पावसाळ्यात या पट्ट्यात एखादी नौका भरकटली की होडी तिच्यापाशी पोचेलच असे नाही. १७ जून २०२१ रोजी रेवदंड्याजवळ ‘एमव्ही मंगलम’ बुडू लागली. दिघीहून तटरक्षक दलाची ‘सुभद्रा कुमारी चौहान’ ही नौका निघाली, दमणहून दोन चेतक हेलिकॉप्टर आली आणि १६ खलाशी वाचले. जुलै २०२४ मध्ये अलिबागसमोर ‘जेएसडब्ल्यू रायगड’ भरकटली, तेव्हा तिच्यावरच्या १४ जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने उचलले. खाली खवळलेले पाणी, वर एका जागी तरंगत थांबलेले हेलिकॉप्टर आणि मध्ये दोराला लटकलेला माणूस. त्या घटकेला सगळ्यांचा जीव बोटभर जाडीच्या काही दांड्यांवर टांगलेला असतो.

त्या दांड्यांचे काम समजण्यासाठी जाते आठवावे. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. हेलिकॉप्टरच्या मुख्य दांड्याभोवती अशाच दोन चकत्या असतात. त्यांना मिळून स्वॉशप्लेट म्हणतात. खालची चकती फिरत नाही, वरची पात्यांबरोबर गरगरते, दोहोंच्या मध्ये बेअरिंग. वैमानिकाच्या डाव्या हातातला कलेक्टिव्ह ओढला की दोन्ही चकत्या सरळ वर सरकतात, सगळी पाती सारखी कलतात आणि यंत्र उचलले जाते. दोन गुडघ्यांमधली सायक्लिक दांडी कलवली की चकत्या एका बाजूला झुकतात आणि यंत्र त्या बाजूला जाते. हात आणि चकती यांच्यामध्ये तेलाच्या दाबावर चालणारे बूस्टर आणि नियंत्रण दांड्या असतात. जात्यात फरक इतकाच, की त्याचा खुंटा निसटला तर दळण थांबते.

८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे ध्रुव हेलिकॉप्टर नेहमीच्या उड्डाणावर असताना मुंबईच्या किनाऱ्याजवळ एकाएकी शक्ती आणि उंची गमावून बसले. वैमानिकाने ते पाण्यावर उतरवले. तिघेही कर्मचारी बचावले. ध्रुव हे बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडने (हाल) बनवलेले देशी यंत्र. सैन्यदल, हवाईदल, नौदल आणि तटरक्षक दल अशा चौघांकडे ते आहे. अपघातानंतर ताफा जमिनीवर बसवण्यात आला आणि नियंत्रण दांड्यांची तपासणी सुरू झाली.

पुढची घटना या नोंदीच्या दृष्टीने सर्वांत बोलकी. २६ मार्च २०२३ रोजी कोचीत तटरक्षक दलाचे ‘सीजी ८५५’ तपासणीनंतरच्या चाचणी उड्डाणासाठी निघाले. हाल आणि तटरक्षक दलाच्या पथकांनी त्याआधी जमिनीवरच्या चाचण्या केल्या होत्या आणि त्या समाधानकारक ठरल्या होत्या. यंत्र जेमतेम ३०-४० फूट वर गेले आणि सायक्लिकने प्रतिसाद देणे बंद केले. वैमानिकाने ते मुख्य धावपट्टीपासून बाजूला वळवून कसेबसे खाली आणले. तिघेही वाचले. ४ मे रोजी जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडमध्ये सैन्याचे ध्रुव कोसळले, त्यात एका तंत्रज्ञाचा मृत्यू झाला.

म्हणजे भाग पाहिला होता, तपासला होता, कागदावर सही झाली होती. दोष रचनेतच असेल तर नुसते पाहून भागत नाही. आदेशाचे क्रियापद ‘पाहा’वरून ‘बदला’वर न्यावे लागते. ध्रुवच्या बाबतीत शेवटी तेच झाले. अॅल्युमिनियमच्या नियंत्रण दांड्यांच्या जागी पोलादी दांड्या आल्या. हे शहाणपण आधी सुचायला हवे होते, असे म्हणणे सोपे आहे. पण या क्षेत्रातला जवळजवळ प्रत्येक आदेश कुठल्या ना कुठल्या अपघाताच्या किंवा थोडक्यात हुकलेल्या अपघाताच्या पाठीवरच लिहिला गेला आहे.

आदेश कोण काढतो, हे यंत्र कोणाचे यावर ठरते. प्रवासी विमानांसाठी विमान ज्या देशात रचले गेले तिथली यंत्रणा उड्डाणयोग्यता आदेश काढते. बोइंगसाठी अमेरिकेची, एअरबससाठी युरोपची. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी डीजीसीए, तो आदेश भारतीय कंपन्यांवर बंधनकारक करते. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. सक्तीच्या तपासणीचे तत्त्व बदललेले नाही. लष्करी यंत्रांना हा कायदा लागू होत नाही. त्यांची उड्डाणयोग्यता बंगळूरच्या सेमिलॅक या संरक्षण खात्याच्या संस्थेकडे असते.

प्रत्यक्ष तपासणी पाहायला गेले तर तिच्यात फारसे नाट्य नाही. हँगरमध्ये झाकण उघडले जाते. आत टॉर्चचा झोत, दांड्याला लावलेला दंतवैद्याकडचा असावा तसा छोटा आरसा, आणि त्यातून दिसणारे नट, स्प्लिट पिन, लॉकिंग वायर. तडा शोधायचा असेल तर भाग स्वच्छ करून कोरडा करतात, त्यावर लाल रंगाचे पातळ द्रव्य लावतात, थोडा वेळ मुरू देतात, पुसून घेतात आणि वरून पांढरी फवारणी करतात. डोळ्यांना न दिसणारी भेग मग पांढऱ्यावर कुंकवाच्या रेघेसारखी उमटते. धातूच्या पोटातला दोष हवा असेल तर ध्वनिलहरी सोडतात. हे तंत्र रोह्याला परके नाही. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, आणि रुळांच्या आतल्या भेगा शोधायलाही रेल्वे अशाच ध्वनिलहरी वापरते. आणखी एक नियम मात्र रस्त्यावरच्या गॅरेजात नसतो. उड्डाणनियंत्रणाचा भाग कोणी उघडून बसवला, तर दुसऱ्या अधिकृत माणसाने तो स्वतंत्रपणे तपासून वेगळी सही करायची. पहिल्याच्या शब्दावर विसंबायचे नाही, मग तो वीस वर्षांचा जुना सहकारी का असेना.

या नियमांची किंमत जगाला अलास्का एअरलाइन्सच्या उड्डाण २६१ ने दाखवली. ३१ जानेवारी २००० रोजी मेक्सिकोतून निघालेले एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. ८८ जण गेले. शेपटीचा आडवा पंख वरखाली करणारा एक लांब स्क्रू आणि त्यावर चढवलेला धातूचा नट, एवढ्याच जोडीचा हा प्रश्न होता. नटाच्या आतले आटे पूर्ण झिजले होते. समुद्रातून वर काढलेल्या स्क्रूभोवती त्या आट्यांच्या पट्ट्या तारेसारख्या गुंडाळलेल्या मिळाल्या, आणि स्क्रूच्या कामाच्या भागावर उपयोगी पडेल असे ग्रीस नव्हतेच. गॅरेजवाले ज्याला ‘प्ले आलाय’ म्हणतात तो प्ले १९९७ च्या तपासणीत ०.०४० इंच, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर, भरला होता. हीच परवानगीची शेवटची मर्यादा. पुन्हा मोजले तेव्हा ०.०३३ इंच आला आणि भाग तसाच ठेवला गेला. दोन ग्रीसिंगमधला काळही वर्षानुवर्षे वाढवत आठ महिन्यांवर नेला होता. तपासात एक बारीक गोष्ट पुढे आली: ग्रीस भरण्याची खिडकी इतकी अरुंद होती, की माणसाचा हात आत नीट जात नसे. ती मोठी करा, अशी शिफारस पुढे झाली. अपघातानंतर काही दिवसांतच अमेरिकी यंत्रणेने त्या कुळातल्या सगळ्या विमानांचा स्क्रू तपासण्याचा तातडीचा आदेश काढला.

डिसेंबर २०२३ मध्ये ७३७ मॅक्स विमानांवर आलेली वेळ तुलनेने सौम्य. एका परदेशी कंपनीला नेहमीच्या देखभालीत रडरच्या जोडणीत नट नसलेला बोल्ट सापडला; नव्या, अजून ताब्यात न दिलेल्या एका विमानात नट पुरेसा आवळलेला नव्हता. रडर म्हणजे शेपटीचे उभे सुकाणू, रेवदंड्याच्या कोळ्याच्या बोटीला असते त्याच कामाचे. बोइंगने सगळ्यांना पाहायला सांगितले. भारतात अकासा एअर, स्पाइसजेट आणि एअर इंडिया एक्सप्रेस यांच्या विमानांची तपासणी झाली. पुढे ६ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत नेवार्कला उतरताना युनायटेडच्या मॅक्स विमानाचे रडर पॅडल अडकले. चुकीच्या जुळणीमुळे एका यंत्रात ओलावा शिरून गोठत होता. कोकणात ओलावा भरपूर आहे, पण जमिनीवर तो गोठत नाही. दहा किलोमीटर उंचीवर मात्र कोकणावरही थंडी गोठवणारीच असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये डीजीसीएने भारतीय कंपन्यांना याबद्दल सावध केले.

मग आली अशी वेळ, की पाहण्यासारखे काही नव्हतेच. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी कॅनकूनहून नेवार्कला निघालेले जेटब्लूचे ए-३२० विमान वैमानिकाने काही न करता नाक खाली घालून उंची गमावू लागले. काही प्रवासी जखमी झाले, विमान टॅम्पाला उतरवले गेले. एअरबसच्या म्हणण्यानुसार तीव्र सौर प्रारणामुळे एलॅक या संगणकातली माहिती बिघडू शकत होती. हा संगणक एलेव्हेटर आणि एलेरॉन, म्हणजे वर-खाली आणि डावे-उजवे झुकणे सांभाळतो. २८ नोव्हेंबरला युरोपीय यंत्रणेने तातडीचा आदेश काढला; जगभरात सुमारे ६,००० विमाने त्यात आली. भारतात आकडा ३३८ होता: इंडिगोची २००, एअर इंडियाची ११३, एअर इंडिया एक्सप्रेसची २५. बहुतेकांत जुने सॉफ्टवेअर परत चढवणे पुरेसे होते, दोन-तीन तासांचे काम. आरसा नाही, लाल द्रव्य नाही. तंत्रज्ञाने केबल लावायची आणि पडद्यावरचा आकडा वाचायचा. आदेशाचे पालन केल्याशिवाय उडायचे नाही, हे मात्र दांड्या-स्क्रूच्या काळाइतकेच ठाम.

पेणकरांसाठी हा विषय आता पूर्वीपेक्षा जवळचा झाला आहे. लगतच्या पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. त्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांत ए-३२० आणि ७३७ हीच कुळे प्रामुख्याने आहेत.

यंत्र जमिनीवर बसवण्याची किंमत किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळी सांगायला नको. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत रेवदंडा, कोर्लई, थेरोंडा इथल्या बोटी वर ओढलेल्या असतात, त्याच दिवसांत फळ्या, सुकाण, पंखा यांची डागडुजी होते. बंदी कॅलेंडरवर आधीच लिहिलेली असते. उड्डाणनियंत्रणाच्या आदेशाला कॅलेंडर नसते. तो भर पावसाळ्यातही येऊ शकतो, बरोबर ज्या दिवशी एखादी बार्ज भरकटते त्या दिवशीही.

५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळले आणि त्यातले तिघेही मृत्युमुखी पडले. या वेळी दांडी नव्हे, स्वॉशप्लेट तडकल्याचे आढळले; जात्याच्या खालच्या, न फिरणाऱ्या दगडाकडची बाजू. चारही दलांचा सुमारे ३३० ध्रुवांचा ताफा पुन्हा जमिनीवर बसला. सैन्यदल आणि हवाईदलाच्या ध्रुवांना मे २०२५ च्या सुमारास उडण्याची मोकळीक मिळाली, नौदल आणि तटरक्षक दलाची त्यानंतरही थांबूनच राहिली. त्या काळात रायगडच्या किनाऱ्यासाठी तटरक्षक दलाच्या हाताशी मंगलमच्या खलाशांना उचलणारे चेतकच उरले. फ्रान्सच्या ज्या अलूएट-३ वरून हालने चेतक बनवले, ते पहिल्यांदा उडाले १९५९ साली.