चीनमधली ‘काळी आई’

आपण शेतकरणी ‘काळी आई’ म्हणतो ती जमिनीला. पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी चीनच्या उत्तरेकडच्या डोंगरात जखमी सैनिकांनी हेच नाव एका माणसाला दिलं होतं. त्यांच्या भाषेत ‘हेइ मामा’, म्हणजे काळी आई. तो माणूस पुरुष होता, डॉक्टर होता आणि आपल्या सोलापूरचा होता. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटनीस.

नाव बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. त्यांच्या बायकोचं काम जयश्रीबाईंनी केलं होतं. चित्रपटाला लागतं तसं त्यात बरंच रचलेलं आहे, म्हणून आज खरी हकिगत सांगते.

द्वारकानाथांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. घरात भाऊ-बहिणी मिळून मोठा गोतावळा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती, आणि तेवढ्यात चीनकडून मदतीची हाक आली.

१९३७ साली जपानने चीनवर मोठा हल्ला केला. तिथल्या सैन्याचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवा म्हणून विनंती केली. आपण स्वतःच तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतो. तरी १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केलं. जुलै महिन्यात चीनसाठी खास दिवस पाळून बावीस हजार रुपये गोळा झाले. तेव्हाचे बावीस हजार, बरं का! पारतंत्र्यातल्या गरीब लोकांनी दुसऱ्या गरिबांसाठी काढलेली ही वर्गणी होती. त्यातून पाच डॉक्टरांचं पथक आणि एक रुग्णवाहिका पाठवायचं ठरलं. अलाहाबादचे अटल हे पथकाचे प्रमुख, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि मराठी मुलखातले दोघे: नागपूरचे वयस्कर डॉ. चोळकर आणि सत्तावीस वर्षांचे कोटनीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून त्यांची बोट सुटली.

तिकडे गेल्यावर पाचही जणांना चिनी नावं मिळाली, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ होतं. हुआ म्हणजे चीन. कोटनीस झाले ‘के दिहुआ’. लग्नात नवरीचं नाव बदलायची आपली जुनी रीत आहे ना, तसं या पाच पुरुषांचं नाव सासरी बदललं असं म्हणू या. चीनमध्ये मात्र बाई लग्नानंतर माहेरचंच आडनाव लावते, हेही त्यांना तिथेच दिसलं असणार.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचलं. डोंगराच्या कुशीत कोरलेली गुहेसारखी घरं, तिथेच दवाखाना, तिथेच मुक्काम. चोळकर आणि मुखर्जी प्रकृतीमुळे आधी परतले, पुढे अटलही आले. कोटनीस थांबले आणि लढाईच्या अगदी जवळ, ताइहांग डोंगराच्या पट्ट्यात गेले. ते चिनी भाषा बोलायला, वाचायला, लिहायला शिकले. दुभाष्यावर किती दिवस काढणार? रोग्याला कुठे दुखतं ते त्याच्याच तोंडून कळायला हवं.

तिथलं जगणं आपल्याला अगदीच परकं वाटणार नाही. सैन्याचं रोजचं अन्न राळा. आपल्या सासवांना राळ्याचा भात आठवत असेल. भोगीला अजून कुठे कुठे करतात. त्या भागात बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही आणि तिला राळ्याची पेज, अंडी, गूळ-साखर देतात. आपला सव्वा महिना, त्यांचा एक. थंडीत झोपायला विटांचा मोठा ओटा असतो. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवतात, म्हणजे एकाच जळणात स्वयंपाकही होतो आणि अंथरूणही उबदार राहतं. ही युक्ती मला फार आवडली.

गावोगावी बायकांच्या संघटना होत्या. त्या सैनिकांसाठी कापडी जोडे शिवत. जुन्या चिंध्यांचे थर खळीने चिकटवायचे, वाळवायचे आणि तागाच्या दोऱ्याने घट्ट टाके घालून तळ बनवायचा. आपण गोधडीला जुन्या लुगड्यांचे थर लावतो, तसंच. म्हाताऱ्या बायकांची पावलं लहानपणी बांधून खुरटवलेली असत, त्यांना धड चालता येत नसे. त्या बसून दुसऱ्यांच्या पायांसाठी जोडे शिवत होत्या.

आणि लढाई? १९४० सालच्या एका मोठ्या लढाईत कोटनीसांनी सलग बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस-तीन रात्री, न झोपता शस्त्रक्रिया केल्या. आठशेच्या वर जखमींवर उपचार केले. ‘काळी आई’ हे नाव उगाच नाही पडलं. १९४१ साली ते तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे डॉक्टर. तेही असेच आपणहून आले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला कापलं, विष अंगात भिनलं आणि १९३९ साली ते तिथेच गेले. कोटनीस नवे डॉक्टर शिकवत होते आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहीत होते.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांना ग्वो छिंगलान भेटली. ती पेकिंगला नर्सिंग शिकलेली आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवणारी. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगचन यांनी त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

शेवटच्या काळात कोटनीसांना फिट येऊ लागल्या होत्या. आपल्याकडे फिट आली की अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, बाहेरचं झालं म्हणतात, ठरलेलं लग्न मोडतात. इथे तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरच त्या आजाराचा होता. अतिश्रम, कमी अन्न, कमी झोप. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय बत्तीस. बाळ साडेतीन महिन्यांचं. माओंनी त्यांच्यासाठी शोकसंदेश लिहिला: सैन्याचा हात गेला, देशाचा मित्र गेला. ज्यांच्या हाती त्यांच्यासाठी पहिली हाक आली होती, ते नेहरू त्या वेळी कैदेत होते, आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात.

कोटनीस चीनमध्ये असतानाच इकडे सोलापुरात त्यांचे वडील वारले होते. ते आले नाहीत. लोक हे त्यागाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला मात्र त्या वेळी घरात असलेली आई दिसते. नवरा गेला आणि लेक समुद्रापलीकडे लढाईत. लेकाने जे केलं ते मोठंच होतं, पण त्याची किंमत घरातल्या बायकांनीही मोजली आणि त्यांना कुणी विचारून मोजायला लावली नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

चित्रपटाच्या शेवटी त्यांची बायको बाळाला घेऊन सासरच्या घरी येते आणि पडदा पडतो. खऱ्या छिंगलानचं आयुष्य त्यापुढे सत्तर वर्षं चाललं. तिने पुन्हा लग्न केलं. तिथे त्याचं कुणाला वावगं वाटलं नाही. कोटनीसांची विधवा म्हणून तिचा मानही कमी झाला नाही. यिनहुआ बापासारखाच डॉक्टर व्हायला निघाला, पण शिक्षण संपत आलं असताना १९६७ साली वारला. ऐन पंचविशीत. म्हणजे कोटनीसांच्या आईने जे सोसलं, ते छिंगलाननेही सोसलं.

मधे १९६२ साली दोन देशांत युद्ध झालं. तरी छिंगलानने सोलापूरकर कोटनीसांशी नातं सोडलं नाही. ती अनेकदा भारतात आली, दिरा-नणंदांना भेटली, आठवणींचं पुस्तक लिहिलं. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटनीसांच्या बहिणींची भेट घेत. २०१२ साली, शहाण्णव वर्षांची होऊन ती गेली.

चीनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला ‘छिंगमिंग’ नावाचा सण असतो. आपल्या पितृपंधरवड्यासारखा. घरचे लोक मिळून पूर्वजांच्या थडग्यावर जातात, तण काढतात, झाडलोट करतात, फुलं ठेवतात. शिजियाझुआंग शहरात कोटनीसांची समाधी आहे. छिंगमिंगला तीही फुलांनी भरते. तिथे त्यांचं रक्ताचं कुणी नाही.

इकडे सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. पंढरपूरला आपल्या बायका जातातच. गाडी केली असेल तर परतीला सोलापूर गाठून तेही बघून या.